कोल्हापूरहून लंडनला गेलेलं कातडं

१९१० साली कोल्हापुरात पिंजऱ्यातल्या एका सिंहिणीला दोन पिल्लं झाली. दोघांच्याही अंगावर ठिपके होते. त्यात नवल काही नव्हतं. सिंहाची पिल्लं जन्मतः ठिपकेदारच असतात. अंगभर फिकट तपकिरी डाग असतात आणि वय वाढेल तसे ते विरत जातात. एखाद्या थोराड सिंहिणीच्या पोटावर, मांड्यांवर ते पुढेही पुसटसे राहतात. तेव्हा नुसती पिल्लं बघून कुणाला काही संशय येण्याचं कारण नव्हतं. भानगड होती बापाची. बाप सिंह नव्हता, चांगला दांडगा बिबट्या होता.

जंगलात हे घडत नाही. सिंहाच्या टापूत बिबट्या अंग चोरून वावरतो, शिकार झाडावर चढवून ठेवतो, कारण गाठ पडली तर सिंह त्याला जिता सोडत नाही. सिंहिणीच्या मानाने बिबट्या अंगानेही खूप लहान. पण पिंजऱ्यात जंगलचे कायदे चालत नाहीत. आपल्या जातीचा जोडीदार डोळ्यांना दिसतच नाही आणि शेजारी जे जनावर आहे त्याच्याशीच घरोबा होतो.

दोघांपैकी एक पिल्लू अडीच महिन्यांचं होऊन मेलं. दुसरं जगलं. जगलेल्याने बघ्यांची करमणूक केली असेल, पण शास्त्राच्या कामी आलं ते मेलेलं.

त्या वेळचं कोल्हापूर म्हणजे शाहू महाराजांचं कोल्हापूर. हत्तींची साठमारी, कुस्त्यांची मैदानं आणि शिकवलेल्या चित्त्यांकडून काळविटांची शिकार. चित्ता आणणं, त्याला माणसाळवणं, डोळ्यांवर टोपी घालून गाडीवरून माळावर नेणं आणि नेमक्या क्षणी टोपी काढून सोडणं हे पिढीजात कसब अंगी असलेली चित्तेपारध्यांची घराणी तिथे नांदत होती. संस्थानी पिंजऱ्यांकडे आज आपण नाक मुरडतो आणि ते रास्तच आहे. पण मोठी मांजरं हाताळणारी, त्यांच्या सवयी ओळखून असणारी माणसं हिंदुस्थानात जिथे सहज भेटावीत, अशा मोजक्या गावांत कोल्हापूर होतं. अशा गावात जन्मलेलं अजब पिल्लू मेलं म्हणून उकिरड्यावर गेलं नाही, याचं म्हणूनच फार आश्चर्य वाटत नाही.

त्याचं कातडं पोचलं मुंबईला, बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे सचिव वॉल्टर सॅम्युएल मिलार्ड यांच्याकडे. हा गृहस्थ पेशाने दारूचा व्यापारी, फिप्सन आणि कंपनीतला. अपोलो स्ट्रीटवरच्या सहा नंबरच्या जागेत सोसायटीचा संसार होता. मिलार्डच्या खुर्चीमागे एका मोठ्या पिंजऱ्यात एक जिवंत महाधनेश राहत असे. त्याचं नाव विल्यम. कोकणात ज्याला ककणेर म्हणतात त्याच्या नात्यातला हा मोठा पक्षी वर्षानुवर्षं तिथे होता, आणि सोसायटीच्या बोधचिन्हावर आजही तोच आहे. गावोगावचे अधिकारी, चहामळेवाले, शिकारी, संस्थानिक यांनी पाठवलेली कातडी, कवट्या, साप, अंडी या जागेत येऊन पडत. १९०८ साली दहा-बारा वर्षांचा एक मुलगा छऱ्याच्या बंदुकीने मारलेली पिवळ्या गळ्याची चिमणी घेऊन याच मिलार्डपुढे उभा राहिला होता. मिलार्डने त्याला चिमणीची ओळख करून दिली, कपाटं उघडून भुसा भरलेले पक्षी दाखवले, वाचायला पुस्तकं दिली. तो मुलगा म्हणजे सालिम अली. समोर आलेल्या वस्तूचं मोल ओळखणं हे मिलार्डचं खरं काम होतं. चिमणीच्या बाबतीत ते त्याने मुलाकडे बघून ओळखलं, कोल्हापूरच्या कातड्याच्या बाबतीत कातड्याकडे बघून. ते त्याने मुंबईत ठेवून घेतलं नाही. लंडनला रेजिनाल्ड पोकॉककडे रवाना केलं.

पोकॉक तेव्हा लंडनच्या प्राणिसंग्रहालयाचा अधीक्षक होता. माणसाची सुरुवात झाली होती ब्रिटिश म्युझियममध्ये, कोळी, विंचू आणि गोमा यांच्या वर्गीकरणातून. पायावरचा एक केस, नखीचा एक दात यावरून जात ठरवायची सवय तिथे लागली आणि ती त्याने पुढे वाघ-सिंहांनाही लावली. मोठ्या मांजरांच्या कवट्या तपासून १९१६ साली सिंह, वाघ, बिबट्या आणि जॅग्वार या चौघांना एका कुळात बसवणारा हाच.

असं कातडं हातात आल्यावर पोकॉकच्या मनात आधी शंका आली असेल तर नवल नाही. चारच वर्षांपूर्वी लंडनकरांना एका जनावराने चकवलं होतं.

१९०८ च्या वसंतात ‘काँगोचा ठिपकेदार सिंह’ म्हणून एक जनावर लंडनमध्ये दाखवायला आणलं गेलं. अंग सिंहाचं, त्यावर तपकिरी फुलं उमटलेली. आफ्रिकेच्या गच्च जंगलात सिंहाची वेगळीच जात असणार, ही कल्पना त्या काळी कुणालाही पटण्यासारखी होती. काँगोतून रोज काही ना काही नवं येतच होतं. १९०१ साली तिथला ओकापी जगापुढे आला होता. तेव्हा ठिपकेदार सिंह का नसावा? चौकशी झाली तेव्हा कळलं की या जनावराने काँगो कधी पाहिलाच नव्हता. ते अमेरिकेत शिकागोला जन्मलं होतं. तिथे जॅग्वारचा नर आणि बिबट्याची मादी यांची पिल्लं झाली होती, आणि त्यांतल्या एका मादीची गाठ पुढे सिंहाशी घातली होती. आजोबा जॅग्वार, आजी बिबट्या, बाप सिंह! तीन जातींचं रक्त एका कातड्याखाली.

लोक फसवणुकीवर हसले. त्या फसवणुकीत दडलेली मोठी गोष्ट मात्र बाजूला पडली. त्या जनावराची आई स्वतः संकरित होती आणि तरीही तिला पिल्लू झालं होतं. घोडा आणि गाढव यांचं खेचर वांझ असतं हे लहानपणापासून ऐकलेल्यांना ही गोष्ट खटकायला हवी होती.

पोकॉकने ते जनावर पाहिलं होतं. कोल्हापूरचं कातडं समोर आलं तेव्हा तुलनेसाठी त्याच्याजवळ जवळचं म्हणावं असं तेवढंच एक होतं. बाकी सगळं त्याला त्या कातड्यातूनच काढायचं होतं.

अंगावर ठिपके बिबट्यासारखेच होते, पण कुशीवरचे ठिपके हिंदुस्थानी बिबट्यापेक्षा लहान, दाटीवाटीचे, तपकिरी आणि अंधुक. सिंहाच्या पिल्लाचे डाग पुसट होऊ लागतात तेव्हा दिसतात तसे. डोकं, पाठीचा कणा, पोट आणि पाय यांवरचे मात्र काळे आणि ठसठशीत. म्हणजे एकाच अंगावर दोन हात फिरलेले. कडेला आईचा, मधोमध बापाचा.

मग शेपूट. वरून ठिपके, खालून पट्टे, टोकाशी काळपट रंग आणि त्या टोकावर बाकीच्या शेपटीपेक्षा लांब केस. सिंहाच्या छाव्याला शेपटीचा गोंडा जन्मतः नसतो, साधारण पाच-सहा महिन्यांनंतर तो दिसायला लागतो. बिबट्याला तर तो कधीच येत नाही. त्यामुळे अडीच महिन्यांच्या पिल्लाच्या शेपटीवरचे हे चार लांब केस साक्षीदारासारखेच होते.

आणि शेवटी कान. बिबट्याच्या कानाची मागची बाजू काळी आणि तिच्यात एक पांढरा ठिपका, वाघालाही असतो तसा. समोरून जनावर कितीही बेमालूम लपलं तरी मागून हा ठिपका लांबून चमकतो. सिंहाच्या कानामागे काळं असतं, पांढरं नसतं. कोल्हापूरच्या पिल्लाचे कान पिवळसर, त्यांवर रुंद काळा पट्टा, आणि पांढऱ्या ठिपक्याचा मागमूस नाही. कान सरळ आईकडून आले होते.

या तीन गोष्टी एकत्र ठेवल्या की पळवाटा बंद होतात. हे बिबट्याचं पिल्लू म्हणावं तर कानावर पांढरं नाही. सिंहाचं म्हणावं तर डोक्यावर, कण्यावर काळे ठिपके आणि शेपटीखाली पट्टे कुठून आले? रंगारी लावून कातडं रंगवता येतं, पण कडेचे डाग पुसट आणि मधले गडद ठेवून वर कानाचा पांढरा ठिपका गाळायचा, इतकं प्राणिशास्त्र कुठल्याही रंगाऱ्याला येत नाही. पोकॉकने १९१२ साली हे सगळं छापून प्रसिद्ध केलं आणि कातडं ब्रिटिश म्युझियमच्या संग्रहात दिलं. तोवर कोल्हापुरातलं दुसरं पिल्लू जिवंत होतं. बिबट्या आणि सिंहीण यांच्या संकराची जगातली ही पहिली नोंद. अशा जनावराला पुढे लेपॉन म्हणू लागले.

कातडं काय सांगतं हे कळलं. कातडं जे सांगू शकत नाही ते मात्र शिल्लक राहिलं. अशा जनावराला पुढे पिल्लं होतात का?

१९२२ साली जे. बी. एस. हॉल्डेन याने संकरांच्या विखुरलेल्या नोंदी गोळा केल्या आणि त्यांतून एक नियम मांडला. दोन जातींच्या संकरात एकच लिंग वांझ किंवा दुर्मीळ असेल, तर ते लिंग म्हणजे ज्याची गुणसूत्रांची जोडी विजोड आहे ते. सस्तन प्राण्यांत ते नर, पक्ष्यांत आणि फुलपाखरांत मादी. कारण ढोबळमानाने असं की मादीत एक्स गुणसूत्राच्या दोन प्रती असतात, एकीत खोट असली तर दुसरी सांभाळून घेते. नरात एक्स एकच, त्यामुळे परक्या जातीच्या जनुकांशी त्याचं जुळलं नाही तर तारणारं कुणी नसतं. हा हॉल्डेन पुढे भारतात आला, भारताचा नागरिक झाला आणि १९६४ साली भुवनेश्वरला वारला. नियम ज्यात छापला ते ‘जर्नल ऑफ जेनेटिक्स’ही त्याच्याबरोबर भारतात आलं आणि आज बंगळुरूहून निघतं.

नियम कागदावर चोख होता. मोठ्या मांजरांत तो लागतो का, हे बघायला वीस वर्षं जावी लागली. १९४३ साली, युद्धाच्या ऐन धामधुमीत, म्युनिकच्या हेलाब्रुन प्राणिसंग्रहालयात एका मादी लायगरची गाठ सिंहाशी घालण्यात आली. लायगर म्हणजे सिंह बाप आणि वाघीण आई. ही मादी तेव्हा पंधरा वर्षांची, म्हणजे मांजरांच्या हिशेबाने म्हातारी. तिला पिल्लू झालं आणि ते जगून मोठंही झालं. खेचराचा दाखला इथे लागू पडत नव्हता, याला कारण होतं. घोड्याची गुणसूत्रं ६४, गाढवाची ६२, खेचराच्या पदरी ६३ येतात आणि जोड्या लावताना घोळ होतो. सिंह, वाघ, बिबट्या, जॅग्वार या सगळ्यांची ३८. आकड्याची अडचण नाहीच.

मग लेपॉनचं काय? त्याचं उत्तर मिळायला १९५९ साल उजाडलं. जपानमध्ये निशिनोमिया इथे, कोशिएनच्या प्रसिद्ध बेसबॉल मैदानाजवळ, हानशिन पार्क नावाची करमणुकीची बाग होती. तिथल्या कानेओ नावाच्या बिबट्यापासून सोनोको या सिंहिणीला त्या वर्षी दोन पिल्लं झाली आणि १९६१ साली आणखी तीन. सिंहीण थोराड, बिबट्या लहान. अशा जोडीत सिंहीणच कुशीवर कलंडून नराची सोय करते. लोकांची झुंबड उडाली. प्राणिशास्त्रज्ञांनी तोंड वाकडं केलं. हिरोयुकी दोई आणि बॅरी रेनल्ड्स यांनी १९६७ साली या जनावरांची हकिगत पुस्तकात लिहिली.

पोकॉकला बघायला मिळालं होतं ते अडीच महिन्यांच्या पिल्लाचं कातडं. निशिनोमियात पूर्ण वाढलेले लेपॉन समोर हिंडत होते. बिबट्यापेक्षा आडमाप, अंगावर तपकिरी ठिपके, नरांच्या मानेभोवती विरळ आयाळ, आणि शेपटीच्या टोकाला गोंडा. कोल्हापूरच्या शेपटीवरचे ते लांब केस कशाची सुरुवात होते, हे इथे डोळ्यांनी दिसलं. पोकॉक मात्र १९४७ सालीच गेला होता.

पण या पाचांना पिल्लं झाली नाहीत. नरांनाही नाही, माद्यांनाही नाही. शेवटचा लेपॉन १९८५ साली मेला आणि २००३ साली ती बागही बंद झाली. लेपॉन वांझच असतो, असं त्यावरून सर्रास लिहिलं जातं. मला ते घाईचं वाटतं. पाच जनावरं, तीही एकाच आईबापाची, एकाच कुंपणातली. एवढ्यावरून जातीचा निकाल कसा लागेल? त्यातून आणखी एक पेच आहे. वंशावळीत सिंहाला बिबट्या जवळचा आणि वाघ दूरचा. जवळच्याशी झालेली संतती वांझ आणि दूरच्याशी झालेल्या माद्या फळणाऱ्या, हे गणित साधं नाही.

दूरच्या नात्याची सगळ्यात ठळक हकिगत कोलकात्याची आहे. अलीपूरच्या प्राणिसंग्रहालयात १९७० च्या दशकात वाघ आणि आफ्रिकन सिंहीण यांचा संकर केला गेला. वाघ बाप असला की संततीला टायगॉन म्हणतात. तिथली रुद्राणी ही मादी १९७१ ची. तिची जोडी देबब्रत नावाच्या आशियाई सिंहाशी लावली आणि १९७९ साली रुद्राणी व्याली. संकराच्या पोटी आणखी एक संकर. आयुष्यात तिला एकूण सात पिल्लं झाली. त्यांना लिटिगॉन असं नाव पडलं. त्यांतला क्युबानाकान हा नर वाढता वाढता वाढला. निदान ३६३ किलो वजन, खांद्याशी १.३२ मीटर उंच, नाकापासून शेपटीपर्यंत साडेतीन मीटर. तीन वाटे सिंह आणि एक वाटा वाघ असलेलं हे धूड १९९१ साली मेलं.

अलीपूरची गर्दी क्युबानाकानकडे बघत राहिली. शोधाच्या दृष्टीने महत्त्वाची होती ती रुद्राणी. शिकागोची ती अनामिक मादी, म्युनिकची म्हातारी लायगर आणि रुद्राणी, तिन्ही ठिकाणी गोष्ट एकच. दोन जातींमधली भिंत लेकींच्या बाजूने कच्ची असते. मुलगे तिथेच थांबतात. मुलगी आजोळच्या किंवा बापाच्या जातीत परत मिसळते आणि परक्याची जनुकं त्या घरात नेऊन सोडते.

पिंजऱ्यात घडलं ते जंगलात कधी घडलं होतं का? याचा पुरावा २०१७ साली हाती आला. ब्राझीलचे एदुआर्दो ऐझिरिक यांच्या गटाने जॅग्वारचा जनुकसंच उलगडून तो सिंह, वाघ, बिबट्या आणि हिमबिबट्या यांच्या शेजारी ठेवला. मोठ्या मांजरांच्या वाटा वेगळ्या झाल्यानंतरही त्यांच्यात देवघेव चालू राहिल्याच्या खुणा त्यात निघाल्या. डोळ्याच्या मज्जातंतूशी संबंध असलेली, सिंहाच्या बाजूने आलेली जनुकं जॅग्वारमध्ये सापडली आणि ती नुसती उरली नव्हती, निसर्गाने निवडून टिकवली होती. आज सिंह आणि जॅग्वार यांच्यात अख्खा अटलांटिक आहे. पण हिमयुगात सिंहकुळातली जनावरं अमेरिकेपर्यंत पसरलेली होती. शिकागोच्या पिंजऱ्यातलं जनावर खोटं नाव लावून आलं होतं, त्याच्या अंगातली गोष्ट मात्र फार जुनी आणि खरी निघाली.

यावरून कुणी पुन्हा पिंजऱ्यात असली लग्नं लावायला निघेल तर तो आडमुठेपणा ठरेल. या संकरांतून वाघ वाचत नाही की सिंह. जागा, मांस आणि पैसा मात्र जातो, आणि जन्मणाऱ्या पिल्लांतली बरीच अडीच महिन्यांच्या त्या कोल्हापुरी पिल्लाच्या वाटेने जातात. आपल्याकडची प्राणिसंग्रहालयं आता असे संकर मुद्दाम करत नाहीत, तेच बरं आहे. जे शिकायचं होतं ते तेवढ्या जनावरांवर शिकून झालं.

एक काम मात्र राहिलं आहे आणि ते शास्त्रज्ञांचं नाही. या हकिगतीतलं कोल्हापूर आपण आजवर इंग्रजीतूनच वाचत आलो. कोल्हापूरच्या पुराभिलेखागारात संस्थानकाळातली मोडी कागदपत्रं आहेत. हल्ली मोडी शिकणारी तरुण मंडळी बरीच आहेत. त्यांनी १९१० ते १९१२ या काळातले शिकारखान्याचे आणि जनावरांच्या खर्चाचे कागद एकदा या नजरेने चाळावेत, आणि सिंहिणीच्या त्या दुसऱ्या पिल्लाचा उल्लेख कुठे हाती लागला तर तो मराठीत छापावा.